खुंटीला लावलेलं तेल

३ नोव्हेंबर १९७६, बुधवार

दार बोललं नाही! सहा वर्षं आमचं मागचं दार उघडलं की सगळ्या गल्लीला कळायचं. आज एकदा फुस् केलं – आणि गप्प.

शालूचा भाऊ सयाजी बोटीवर असतो. दिवाळीला आला तेव्हा परदेशातून हा डबा घेऊन आला. वरचं बटण दाबलं की तेलाचा फवारा उडतो. लाल नळी खोचली की बारीकातल्या बारीक फटीत जातो. पलटणीत पंधरा वर्षं बंदुकांना तेलपाणी केलं, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

शालू म्हणाली, "आवं, आता मागनं कोन आलं-गेलं कळायचं कसं?" हिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

सायकलची चेन. छत्रीची स्प्रिंग. जुन्या ट्रंकेचं कुलूप. बरणीवरच्या लेबलाचा डिंकसुद्धा निघाला! घरात गंजलेलं आता काही उरलं नाही, मी सोडून – असं शालूचं म्हणणं.

७ नोव्हेंबर, रविवार

डब्याचं नाव झालं. समोरच्या केरबाच्या बायकोची अंगठी बोटात रुतून बसली होती. सोनाराकडे कापायला निघाले होते. मी एक फवारा मारला, दोन वेळा फिरवली, निघाली! दहा-बारा माणसं बघत होती. केरबा म्हणाला, "मानसिंगराव, तुमी डॉक्टरच व्हायचं!" खोटं कशाला लिहू – छाती फुगली. पेन्शनीत निघाल्यापासून मला कुणी काही विचारायला आलेलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी नेहमीप्रमाणे शेजारी चांदसाहेबांच्या दुकानात बसलो. नवा तंबोरा तयार आहे. सांगलीच्या गाण्याच्या बाईंचा. शनिवारी न्यायला येणार, रविवारी त्यांचा कार्यक्रम. चांदसाहेबांची बोटं सुजलेली. खुंटी पिळताना तोंड वाकडं होत होतं. "लय कड्डक फिरती गड्या," म्हणाले, आणि खुंटीला खडू चोळत बसले. खडू! तंबोऱ्यातला त्यांचा हात सगळ्या मिरजेला माहीत, आणि चोळतायत काय, तर शाळेतला खडू. हसू आलं.

म्हातारे झालेत. चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधत होते. मला चहाचं दोनदा विचारलं. हुसेनबी भाभी आतून म्हणाल्या, "आत्ता तर दिला की त्यास्नी!" आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

चांदसाहेब नमाजाला गेले होते. भाभी आत. दुकान उघडंच. मी डबा घेऊन गेलो, लाल नळी खोचली, चारही खुंट्यांच्या बुडाशी फवारा मारला. फिरवून बघितल्या – लोण्यासारख्या! उद्या चांदसाहेब खुंटीला हात लावतील आणि चमकतील. मग सांगेन.

१३ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायचं आहे आणि लिहवत नाही.

बाई आल्या. चांदसाहेब तार जुळवायला बसले. तार चढवली की खुंटी आपसूक मागं फिरायची आणि तार सैल. परत चढवली, परत सैल. चार वेळा. पाच वेळा. बाई घड्याळ बघायला लागल्या. चांदसाहेबांच्या कपाळावर घाम. शेवटी त्यांनी खुंटी उपसली, नाकाशी नेली.

"ह्याला त्याल कुनी लावलं?"

माझं तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात आतल्या दारातून भाभी म्हणाल्या, "म्या लावलं. शिलाई मशीनचं. कड्डक हुती म्हनून."

"सत्तावीस वरसं ह्या दुकानात हाईस, आन् खुंटीला त्याल?" असं ओरडताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "राहू दे. मी दुसरीकडून घेईन." गेल्या. चांदसाहेबांनी सगळ्यांसमोर भाभींना सांगितलं, "उद्यापास्नं दुकानात पाऊल टाकायचं न्हाई."

तंबोऱ्याला तारा बांधायचं काम भाभींचं. पॉलिश त्यांच्या हातचं. हे सगळी गल्ली जाणते.

आणि मी? उभा होतो. घरी आलो, दोन भाकरी खाल्ल्या. उतरल्या घशाखाली! त्याचीच जास्त लाज वाटते.

१४ नोव्हेंबर, रविवार

बोललो नाही.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. केरबा मागायला आला, संपला म्हणून सांगितलं.

भाभी खोटं का बोलल्या? मला बघितलं असणार, दुसरं काय. शेजारधर्म म्हणून माझी अब्रू झाकली. शालूच्या आजारपणात महिनाभर जेवणाचा डबा त्यांच्याच घरून यायचा. तसंच हेही. बाईमाणसानं माझं पाप अंगावर घेतलं आणि पलटणीतला हवालदार मुकाट बसला!

भाभी आता दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसतात. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि नजर दुकानात. तांदूळ तसेच. सत्तावीस वर्षांची जागा गेली, जीव तुटत असणार.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

चांदसाहेबांनी हाक मारून बसवून घेतलं. तेल लाकडात मुरलंय. नुसत्या खुंट्या बदलून भागायचं नाही, भोकं बुजवून पुन्हा पाडायची. "खडू कशाला लावत्यात, सांग बरं. फिरताना सोडाय आन् थांबल्यावर धराय. दोनी कामं करतो खडू. त्याल निस्तं सोडतंय. हे माझ्याच घरात ठावं नसावं?"

मी मान हलवली. त्यांनी चहा मागवला. मी प्यालो.

आरशात बघून दाढी करवत नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

शालूला सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "भाभी निम्म्या झाल्यात. जेवत न्हाईत धड. आन् तुमी धा दिस गप?" मग परातीत बघत, "हितं बसून काय हुनार? जावा की."

नाही गेलो. चप्पल घातली, काढली.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो. चांदसाहेब आत रंधा मारत होते. पायरीवर भाभी. म्हटलं, आधी ह्यांची माफी, मग त्यांची. म्हणालो, "भाभी, तुम्ही मला झाकलंत. आता मीच सांगतो त्यांना, तेल मी मारलं म्हणून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी?"

त्यांनी मला बघितलंच नव्हतं.

"मला वाटलं, ह्यांनीच लावलं," म्हणाल्या. "हल्ली इसरत्यात. खडू म्हनून त्यालाला हात घातला आसंल. त्या बाईसमोर ह्यांचा कामातला हात गेला म्हनून कळलं आसतं तर ह्यांचं नाव बुडालं आसतं. तवापास्नं बघत बसती हितं, आता आनि काय इसरत्यात."

मग माझा हात धरून दोनदा विचारलं – खरंच तुमीच? आनशपथ? मी हो म्हणालो. तर पदरात तोंड घालून रडल्या, हसल्या, आणि म्हणाल्या –

"लय बरं झालं दादा, तुमीच केलंसा!"