मोडलेल्या सुईचा नियम

प्रिय ठकू,

आधी बातमी. माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं आणि ती दाढ आता ठणठणीत आहे. मावशीवर ओरडू नकोस, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात दातांची डॉक्टर असताना आई परक्या दवाखान्यात तोंड उघडून बसली म्हणून तुला राग येणार, तो खुशाल येऊ दे. दाढेची मुळं आतून साफ करायची तुझी ती केसाएवढी बारीक फाइल एका पेशंटच्या दाढेत मोडली, तुकडा आतच राहिला, आणि तू दवाखान्याला कुलूप ठोकून मावशीकडे जाऊन बसलीस. पुन्हा हत्यार हातात धरणार नाही म्हणालीस. इकडे माझा जबडा कानापर्यंत ठणकायला लागला, तेव्हा मी बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या त्या वयस्कर डॉक्टरांकडे गेले.

तयारी म्हणशील तर जय्यत केली. तू पेशंटना काय काय सांगतेस ते माझं शिवणाचं दुकान आणि तुझा दवाखाना यांच्यामधल्या भिंतीआडून मी इतकी वर्षं ऐकत आलेय. पोटभर जेवले, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं, इस्त्रीचे कपडे घातले, जशी काही मुलाखतीलाच निघालेय. खुर्चीत बसल्यावर मात्र हातांचं काय करावं कळेना. माझे हात रिकामे असतात कधी? शेवटी रुमाल काढून त्याची किनार दुमडत बसले. इंजेक्शन दिसल्यावर डोळे गच्च मिटले. जन्मभर सुया हाताळल्या, पण ती सुई उगाच लांब वाटली बाई. पुढे काहीच नाही, नुसती घरघर आणि पाण्याचा फवारा. डॉक्टर आपल्या नर्सला तिच्या नव्या घराचं विचारत होते, आणि ते ऐकता ऐकता मला चक्क डुलकी लागली.

घोळ घातला तो मी नंतर. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. खाल्लं नाहीच. पण दुकान उघडलं, एक बाई कोटाच्या फिटिंगला आल्या, आणि मी सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या. अर्धा ओठ माझा, अर्धा कुणाचा कोण जाणे. एक टाचणी रुतली तरी मला पत्ता नाही. मी आपली बाईंना खांदा सरळ ठेवा म्हणतेय आणि माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळतंय. बाई टाचलेल्या कोटासकट दारापर्यंत मागे सरकल्या. त्यांना पाणी मीच पाजलं. पुढचे दोनतीन दिवस चावताना दुखलं, मग मऊ खाल्लं, दुसऱ्या बाजूनं चावलं, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या नाहीत. आदर्श पेशंट म्हणतात तो मीच.

शेवटच्या खेपेला मी डॉक्टरांना सरळच विचारलं, तुमच्या हातून फाइल मोडलीय का कधी. हसले. म्हणाले, पुष्कळदा, आणि पुढेही मोडेल. तुकडा निघण्यासारखा असेल तर काढायचा, नसेल तर त्यापायी दात पोखरत बसायचं नाही. तिथेच नीट बंद करायचं, पेशंटला स्पष्ट सांगायचं, एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. मी म्हटलं, माझ्या मुलीनं अगदी हेच केलं. मग दवाखाना का बंद केला तिनं, असं त्यांनी विचारलं. घरी येऊन शिलाई मशीनवर बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

अगं, तू त्या मशीनखाली वाढलीस. सुई मोडली की माझं काम थांबायचं आणि तू लोहचुंबक घेऊन फरशीभर रांगायचीस. सगळे तुकडे जुळवून अख्खी सुई झाल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा मी कपड्यांच्या कारखान्यात शिकलेला नियम. एकदा टोक सापडेना म्हणून एका बाळाचं जाकीट आपण पूर्ण उसवलं होतं. तुकडा आत राहिला म्हणजे अपराध, हे तुझ्या मनात तिथेच रुजलं. पण राणी, तो कपड्याचा नियम आहे. कपड्यातली सुई अंगाला टोचते, दाढेत बंद केलेला तुकडा कुणाला टोचत नाही. तुझा तो पेशंट, बेकरीवाला, परवा पँट आखूड करायला आला होता. त्याच बाजूनं शेंगदाणे चावत होता माझ्यासमोर. तुझ्यावर चिडलाय, पण तुकड्यावरून नाही. दाढेवर कॅप बसवायच्या आधीच निघून गेलीस म्हणून. कॅपशिवाय शेंगदाणे खातोय मेला, तूच येऊन झाप त्याला.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. माझ्या वरच्या दाढेचीही कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय. डॉक्टर लगेच करायला तयार होते, मी नको म्हटलं. ही माझी मुलगी करणार, असं सांगून उठले. त्यांनी खूप समजावलं, मग म्हणाले, तिला गरज वाटली तर मी येऊन शेजारी उभा राहीन. तुझा दवाखाना मी उघडून झाडून पुसून घेतलाय, खुर्ची वरखाली होतेय, दिवाही लागतोय. सोमवारी सकाळची वेळ माझी. मला भीती वाटते ती इंजेक्शनची, तुझी नाही. फाइल मोडली तर मोडू दे, मला सांग, मी तोंड मिटणार नाही. फक्त उशीर करू नकोस, कारण हे लिहितानाही ती ठणकतेय, आणि तुझ्याशिवाय मी तिला कुणालाही हात लावू देणार नाही.

तुझीच,
सोमवारची पहिली पेशंट,
आई