तीन चाकू आणि उजवा अंगठा

१२ नोव्हेंबर, बुधवार
तिन्ही चाकू आज एकत्र टेबलावर काढले. शेफील्ड, सोलिंगेन, रामपूर. तिन्ही तीन पात्यांचे, घडण जवळजवळ एकच: एक लांब टोकदार पातं, एक सरळ धारेचं, एक छोटं. शेफील्ड रेल्वेच्या नोकरीत मला इंग्लंडला धाडलं होतं तेव्हाचा. सोलिंगेन मुलाने, निनादने, जर्मनीहून आणलेला. रामपूर मुरादाबादला पोस्टिंग होतं तेव्हा कारागिराकडून मुद्दाम करवून घेतलेला. रिटायर झाल्यावर करीन म्हणून ठेवलेली तुलना आता करायचीच, चाकूशौकिनांच्या ग्रुपवर जाहीर करून बसलोय. गुण दहापैकी: घडण, धार, उघडण्याची चाल, मिटतानाचा आवाज.

सुमन म्हणाली, लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला कधी गुण दिले नाहीत. दिले असते तर जेवायला मिळालं नसतं, हे मनात ठेवलं.

घडण: खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहिले. सोलिंगेनमध्ये कुठेही फट नाही. शेफील्डला केसाएवढी. रामपूरला लांब पात्याशी चक्क दिसेल एवढी. पण मूठ म्हणाल तर रामपूरचीच, म्हशीचं शिंग, हातात घेतली की सोडवत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
धार. सुतळी, पुठ्ठा, मग पुन्हा सुतळी. रामपूर लवकर बोथटतो, पण दगडावर जरा फिरवला की परत तयार. सोलिंगेन शेवटपर्यंत टिकला. शेफील्ड मध्ये.

शेफील्डचं लांब पातं उघडायला जड. खाचेत नख घालून ओढलं तर नख सटकतं. उघडण्याच्या चालीत एक गुण कापला. थंडीने तेल घट्ट झालं असेल. नवीन घातलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
शेफील्ड आज उघडलाच नाही. सोलिंगेनही जड. उन्हात ठेवून पाहिले, फरक नाही. सोलिंगेनचाही गुण कापला आणि ग्रुपवर टाकलं. कोणीतरी लिहिलं, माझा तर सहज उघडतो, तुमचा पीस खराब असेल. संताप.

सुमनला बोलावलं. ती मेथी निवडत होती. ओले हात ओढणीला पुसले, तिन्ही चाकूंची सगळी पाती उघडली, टेबलावर ठेवली आणि परत मेथीकडे गेली. संधिवाताची बोटं तिची.

दोघांचे गुण परत दिले. चुकीच्या जागी कापले होते.

३ डिसेंबर, बुधवार
उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा असतो, तो बसलाय. डावा शेजारी ठेवला की लगेच दिसतं. शर्टाचं वरचं बटण हल्ली सुमन लावते, मला वाटायचं काजं घट्ट शिवलीत. दंडाचं मांस मधेच आपोआप फडफडतं. दुखत नाही. दुखलं असतं तर आधीच गेलो असतो दाखवायला.

११ डिसेंबर, गुरुवार
लखनौचं मोठं हॉस्पिटल. सुया टोचून तपासणी, दोन्ही हात, पाय, जीभसुद्धा. डॉक्टर निनादच्या वयाचा. समोर बसवून सांगितलं: "सर, ये ठीक होने वाली चीज़ नहीं है। धीमा करने की कोशिश करेंगे।" मी विचारलं, पुढे काय काय जातं. त्याने सांगितलं: हात, पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. सुमनने पर्सची चेन लावली, उघडली, लावली.

परत येताना कानपूर रोडवर धुकं, गाडी मुंगीच्या पावलांनी. घराच्या वळणावर ती म्हणाली, गाजरं घ्यायची राहिली.

भीती वाटते. लिहून टाकलं. इतर कोणाला सांगणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार
निनादच्या हट्टाने दिल्ली. तो फोनवर हिंदीत, मी मराठीत, नेहमीचंच आमचं. "बाबा, एक बार दिखा लेते हैं ना।" दाखवलं. लखनौने सांगितलं तेच दिल्लीने सांगितलं, जरा जास्त वेळ घेऊन. एक गोळी सुरू.

२७ डिसेंबर, शनिवार
आज रामपूरही गेला. त्याची स्प्रिंग तिघांत नरम, त्यावर भिस्त होती. म्हणजे आता तिन्ही मिटलेले. ग्रुपवाले विचारतात निकाल कधी.

सुमन म्हणाली, त्यात काय, मी उघडून देत जाईन. मी फाडकन बोललो की तू उघडून दिलेला चाकू आणि भरवलेला घास एकच. ती आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. भरवायची वेळ येणारच आहे आणि भरवणारही तीच, मग कोणाला ऐकवलं हे? वाईट वागलो.

३ जानेवारी, शनिवार
सुमन जुन्या लखनौतल्या चौक बाजारात गेली, भाचीच्या लग्नासाठी चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घ्यायला. सकाळी गेलेली दुपार कलल्यावर आली. कुर्ता नाही. मनासारखा रंग मिळाला नाही म्हणे. मातीच्या कुल्हडात मक्खन मलाई घेऊन आली, दुधाचा गोड फेस तो, निम्मा वाटेत बसलेला. म्हटलं, अख्ख्या चौकात ज्या बाईला कुर्ता मिळाला नाही अशी तू पहिलीच. हसली. मीही. दिल्लीनंतर पहिल्यांदाच.

५ जानेवारी, सोमवार
रामपूर उघडला.

चहाच्या आधी, सवयीने खाचेत नख घातलं आणि पातं वर आलं. विश्वास बसेना. मिटला, परत उघडला. सरळ धारेचं पातंसुद्धा. सुमनला हाक मारली, ती दारातच थांबली, पुढे आली नाही. म्हटलं बघ. ती बघत होती. मग डोळे पुसले.

निनादला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन: "बाबा, दवा काम कर रही है!" मी म्हटलं, एवढ्यात काही धरून चालू नको, पण हे म्हणताना मी स्वतः धरून चाललो होतो. दिवसभर चाकू खिशात. बरं व्हायची इतकी इच्छा आपल्याला आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. शहराबाहेर बख्शी का तालाबला आमच्या ऑफिसातल्या धाकट्या दीक्षितच्या बागेत जायचं राहिलंय, बोर-आवळ्याला जाऊ म्हटलं. सुमन म्हणाली, जाऊ.

७ जानेवारी, बुधवार
ग्रुपसाठी फोटो काढायला रामपूर खिडकीत धरला. लांब पातं दोन्ही बाजूंना हलतंय. आधी हलत नव्हतं. रिबिटाच्या डोक्यावर ताजा ओरखडा, आतलं पितळ चकाकतंय. पाठीची स्प्रिंग घासून पातळ केलेली.

शेफील्ड घेतला. नख सटकलं. सोलिंगेन. तेच.

चौकात चिकनच्या दुकानांच्या ओळीतच तो धारवाला बसतो, चाकू-कात्र्यावाला. कुर्ता का मिळाला नाही ते कळलं.

आधी मोजा, मग खूश व्हा, हे जन्मभर ज्युनियरांना ओरडून सांगितलं. आणि स्वतः? मिटताना रामपूर टक् करून बसायचा, आता नुसता पडतो. हे सोमवारी ऐकू यायला हवं होतं. ऐकायचंच नव्हतं.

खूप राग आला. चांगला चाकू घालवला. मग ती त्या गल्लीत तो रुमालात धरून उभी असेल, धारवाल्याला मोडक्या हिंदीत समजावत असेल, असं डोळ्यांसमोर आलं आणि रागाचं काय करावं कळेना.

१० जानेवारी, शनिवार
सांगितलं नाही. सकाळी चहा ठेवते आणि विचारते, आज हात कसा आहे. मी उघडून दाखवतो. तेवढा वेळ तिचा चेहरा पूर्वीचा होतो, मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमधला.

आज सांगलीला बहिणीशी बोलत होती. हात जरा सुधारतोय म्हणाली. सगळं स्वतः करून आणलेलं, तरी आवाजात खोटं नव्हतं. तिलाही खरं वाटायला लागलंय. आता मी कोणत्या तोंडाने सांगू?

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. शेजारच्या मिश्रांकडून इथली संक्रांतीची खिचडी आली, आमच्याकडून तिळगूळ गेला. दुपारी पेरू कापायला रामपूर घेतला आणि जरा जोर दिला तर पातं उलटं बोटावर मिटलं. ढिल्या चाकूचं हेच. जखम फार नाही, रक्त मात्र बरंच. सुमनने पट्टी बांधली, गरजेपेक्षा तीन वेढे जास्त. काय झालं विचारलंच नाही तिने. मीच म्हटलं, माझा हात वाकडा पडला. ती हूं म्हणाली.

तिला कळलंय का झालं ते. मला कळलंय हे मात्र तिला कळलेलं नाही. निदान मला तसं वाटतं.

२१ जानेवारी, बुधवार
पेन धरवत नाही. आता फोनवर, डाव्या बोटाने. बोलून लिहायला गेलो तर फोन सगळं हिंदीत उतरवतो, निनादच्या जातीचा. डावा अंगठाही बसायला लागलाय. म्हणून थोडक्यात.

२९ जानेवारी, गुरुवार
रामपूर उघडला नाही. ढिला असूनही. चहा आला. उघडला का म्हणाली. हो म्हणालो. चाकू पांघरुणाखाली होता. दाखवा म्हणाली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज विचारलं नाही. चाकू टेबलावर मिटलेला. तिने चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला, बशी जरा सरकवून.

ग्रुप सोडला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ऊन चांगलं होतं, गच्चीत बसलो. ती वाटाणे सोलत होती. गेले काही दिवस ओठांवर आलेलं आज बोलून टाकलं:

"सुमन, चौकातल्या त्या माणसाकडून बाकीचे दोनही ढिले करून आण."

हात थांबले तिचे. वर पाहिलं नाही. शेंगा पुन्हा सोलायला लागली, पण दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत होती. शेफील्डला मी आजवर कोणाला साधं तेलसुद्धा घालू दिलं नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. विमान गेलं, त्याच्या आवाजात काही बोलली असेल तर ऐकू आलं नाही. मग नीट ऐकू आलं.

"रामपूर आणखी ढिला होईल का, तेही विचारू?"

विचार म्हटलं.

शुक्रवारी तो उशिरा बसतो, शनिवारी जाते म्हणाली. खाली गेली, तिन्ही चाकू हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले आणि पर्स दाराच्या खुंटीला लावली.