एकतिसावा प्रश्न

८ फेब्रु., रवि.
ललिताचा फिजिक्सचा नववा सराव पेपर. १८० पैकी १३५. डिसेंबरात ८५ होते. बारावीनंतर वर्षभर घरी राहून नीटची तयारी चाललीय. रविवारी तांड्यावरून जीपनं गोरेगावला येते, आमच्या पुढच्या खोलीत बसते. पंचेचाळीस प्रश्न, एक तास; बरोबरला चार गुण, चुकीला वजा एक. पेपर मीच काढतो, मीच तपासतो. याच आकड्यांच्या जोरावर मागच्या आठवड्यात तिच्या वडिलांना सांगितलं, नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरू नका, लक्ष दोन ठिकाणी जातं. ऐकलं त्यांनी.

९ फेब्रु.
पेपर पुन्हा चाळला. प्रश्न ३१: ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल? टाइप करताना गाडीचा वेग लिहायचाच राहिला. वेगाशिवाय प्रश्न सुटत नाही. ल.चं उत्तर मात्र बरोबर. तिच्या कच्च्या कामात ३१ समोर काही नाही.
कॉपी? उत्तरं माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप. तरी शंका आली. आली हे लिहून ठेवतो.

१५ फेब्रु., रवि.
पेपर देण्याआधी विचारलं. ल. जराही बावरली नाही. "सर, तुमी बरोबर उत्तर एक नंबरला ठेवतच न्हाई. आन् दोन आकडे जवळजवळचे असले की त्यातलंच एक असतंय."
"असं किती प्रश्नांना केलंस?"
"येत न्हाई त्या समद्याला. तुमीच म्हणले व्हते ना, पेपर काढणाऱ्याचं डोकं वाचा."
म्हणालो होतो.
आजचा पेपर रद्द केला. दुपारी जुने नऊ काढून बसलो. पहिला पर्याय बरोबर असलेले प्रश्न नऊ पेपरांत मिळून सहा. हिला सांगितलं तर म्हणते, "वीस वर्षं संसार करून मला तुमचं डोकं वाचता आलं नाही, पोरीनं नऊ रविवारांत वाचलं."

१८ फेब्रु.
नवा पेपर काढला. बरोबर उत्तर कितव्या नंबरला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. माझं कॉलेज सुटल्यावर ल.ला बसवलं. सत्तावीस बरोबर, अठरा चूक. म्हणजे ९०.
"मंग आधीचे समदे खोटे का, सर?"
नर्सिंगच्या फॉर्मला पाच दिवस उरलेत. घरी सांगावं तर पोरीचा धीर खचेल. हे कारण खरं आहे की माझी लाज त्याच्याआड…

१९ फेब्रु.
सुट्टी. तांड्यावर गेलो. बळीरामभाऊ, ल.चे वडील, शेतात हळद शिजवत होते. सगळं सांगितलं.
"म्हंजी पोरगी फसवून राहिली व्हती का तुमाला?"
"नाही. माझे पेपर कच्चे होते."
"काटा खराब असला तर आमी हळदीला शिव्या देत न्हाई, सर." चुलीतलं लाकूड आत सारलं. मग, "फॉर्म सोडला तुमच्या म्हणण्यावर. आता भरायचा बी तुमच्याच म्हणण्यावर?"
"हो."
"आन् पुढच्या इतवारी पुन्हा काटा बदलला तर?"
ल. पलीकडे शिजलेली हळद पसरत होती. तिनं वर पाहिलं नाही. चहा मात्र तिनंच आणून दिला.

२१ फेब्रु.
फॉर्म भरला का, माहीत नाही. चारदा फोन हातात घेतला. विचारलं असतं ते माझ्या समाधानासाठी. केला नाही.
उद्याचा पेपर तयार. चिठ्ठ्या टाकूनच. ती येणार नाही असं धरून चाललोय.

२२ फेब्रु., रवि.
आली. दहा मिनिटं आधीच. तासाभरानं कागद दिला. एकवीस प्रश्न कोरे. आजवर एकही कोरा सोडलेला नव्हता.
"इतके?"
"येत न्हाईत."
चोवीस सोडवले होते, चोवीसही बरोबर. ९६. मनात आलं, याचा आनंद मानावा का? मे महिन्याच्या परीक्षेला दोन-सव्वादोन महिने, आणि एकवीस कोरे.
फॉर्मचं तिनंच काढलं. उद्या शेवटची तारीख. "बापू म्हणले, आता सरला न्हाई इचारायचं, मला न्हाई इचारायचं, तुझं तू ठरव."
तपासलेला पेपर तिच्याकडे सरकवला.
"सर, हे शहाण्णव तरी खरे धरू का?"
"धर."
तिनं पेपर घडी घालून पिशवीत टाकला. काय ठरवलं ते बोलली नाही. कोपऱ्यापर्यंत सोबत गेलो. जीप गच्च भरली होती. पुढच्या सीटवर चौथी म्हणून सरकून बसली आणि दार ओढून घेतलं.