पांढऱ्या लुगड्याचा पडदा

ढोकी, मंगळवार, १० एप्रिल १९७३

रविवारी नणंदेला बघायला पाहुणे येणार. या दुष्काळात नवं कापड कुठून आणायचं? सासूबाई कळंबला गेलेल्या. सकाळी त्यांच्या पेटीतलं जुनं, पिवळट पडलेलं पांढरं लुगडं काढलं. खिडकीला पडदा शिवला, निळ्या काठाचं दाराला तोरण केलं. छान दिसत होतं.

दुपारी हे कारखान्यातून आले आणि दारातच थबकले. "अगं, हे आईनं बौद्ध धम्माची दीक्षा घेताना नेसलं होतं. मेल्यावर अंगावर घालायला म्हणून जपलंय तिनं."

मला आधी कुणी सांगितलं का नाही? पण न विचारता पेटी मीच उघडली ना? काठ परत लावून बघितला. कापलेला काठ कुठं जुळतोय!

पाचच्या एस्टीनं सासूबाई आल्या. तोरणाखाली उभ्या राहिल्या, काठ बोटांनी चाचपत. मी पाय धरले. "आत्याबाई, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं."

वाटलं, आता माहेरी धाडतात.

मग म्हणाल्या, "ऊठ. दुसरं लुगडं मिळंस्तोवर मला मरता यायचं न्हाय, एवढंच." आणि हसल्या.

खरंच हसल्या का? त्या आत चहा पितायत. मी परसात बसून हे लिहितेय. आत जायचं धाडस होत नाही.