बर्फात राखलेलं पाणी

आबा, गेल्या महिन्यात मी बर्फात चाललो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठा आहे. अडुसष्ट पुरी झाली. तुमच्या सुनेला जाऊन दोन हिवाळे झाले, मुलगा पुण्यात असतो, आणि बेंबळीच्या घरात दिवसभर बोलणारं असं रेडिओशिवाय कुणी नाही. सोलापूरची काही मंडळी दर हिवाळ्यात उत्तराखंडातले डोंगर चढायला जातात असं कळलं, तेव्हा मी नाव दिलं. उमरग्याच्या डॉक्टरानं छाती तपासून कागद लिहून दिला. मग दोन महिने पाठीवर जोंधळ्याची पिशवी बांधून मी तुळजापूरचा घाट चढत-उतरत होतो. देवीला निघालेली माणसं विचारायची, "नवस हाय का बाबा?" मी म्हणायचो, व्हय. अगदीच खोटं नव्हतं ते. चौथीच्या पुस्तकात हिमालयावर एक कविता होती, आठवतं का? मी ती गोठ्यापुढं उभा राहून घसा फुटेस्तोवर म्हणत असे. एकदा वैरण टाकता टाकता तुम्ही विचारलंत, "बर्फ म्हंजी रं काय?" मी म्हणालो, "पाण्याचा दगड हुतो, आबा." पेंढी तुमच्या हातातच राहिली. "मग तिथं दुष्काळ नसंल," म्हणालात. त्या डोंगरातल्या एखाद्या खिंडीत उभं राहून ती कविता एकदा मोठ्यानं म्हणायची, एवढंच मला हवं होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलानं म्हातारचळ म्हटलं असतं.

खिंडीचा दिवस चौथा होता. आम्ही अकरा जण. आमची पुढारीण सोलापूरची, तिशीतली, तोंडानं तिखट. निघायच्या आधी तिनं बजावलं, "तहान लागो न लागो, अर्ध्या तासानं दोन घोट. थंडीत तहान कळत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. उजाडताना निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. नऊच्या सुमाराला धुकं उतरलं आणि वारा सुटला. आपल्याकडचा वारा अंगावरून जातो, आबा; हा अंगातून जातो. बर्फ गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसायचा, पुढं टाकायचा, मग दुसरा. समोरच्याची पाठ तेवढी दिसते, ती पंचवीस पावलांवर गेली की तीही दिसत नाही. मी आपला मनात कविता म्हणतोय, पावलांना चाल मिळावी म्हणून. भुजंगप्रयात चढाला उपयोगाचा नाही, चौथ्या पावलाला दम तुटतो. ओवी बरी, ती थांबू देते. पुढची पोरं माझ्यासाठी थांबत, मी पोचलो की लगेच निघत. म्हणजे त्यांची विश्रांती संपली की माझी सुरू व्हायची, आणि ती मिळायचीच नाही.

पाणी मी प्यालो नाही. बाटली भरलेली होती, हात मागं नेला की लागायची, पण प्यालो नाही. दुष्काळात आपण खडी फोडायच्या कामावर चालत जात होतो ते दिवस माझ्या अंगात आहेत. तुमच्याकडं फिरकीचा तांब्या असायचा आणि तुमचा नेम ठरलेला, परतताना वेस दिसेपर्यंत तळाचं पाणी शिवायचं नाही, वाटेत कुणी मागितलं तर द्यायला पाहिजे. एकदा तुमचं लक्ष नसताना मी ते पिऊन टाकलं. पुढं ओढ्याच्या काठी एक म्हातारी बसली होती, तिनं पाणी मागितलं. तुम्ही फिरकी काढलीत, तांब्या तिच्या ओंजळीवर उपडा केलात, आणि काहीच पडलं नाही. तिची ओंजळ तशीच राहिली. मला मारलं नाहीत. घरी पोचल्यावर एवढंच म्हणालात, "तोंड दाखवाया जागा ठिवली न्हाईस." त्या दिवसापासून माझ्या बाटलीत तळाला पाणी असतंच. ऑफिसात लोक हसायचे. तुमची सून म्हणायची, "ह्यांची बाटली म्हंजी सासऱ्याचं श्राद्ध हाय."

बाराच्या पुढं जीभ टाळूला चिकटली. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. मी बर्फात बसलो. पुढारीण मागं आली, बाटली ओढून तिनं उलटी केली. आत दगड झाला होता. "काका," ती म्हणाली, "बाटली देवाला वाहायची होती का?" कुणीतरी हसलं. खरं सांगू, मलाही हसू आलं. नजर पोचेल तिथवर पाणी पसरलेलं, आणि त्यात बसलेला मी तहानेनं मरतोय.

आमच्यासोबत तिथलाच एक वाटाड्या होता. पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेल्या. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या थर्मासमध्ये साखर घातलेलं गरम पाणी होतं. "बाबूजी, किसके लिए बचाया था?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, रास्ते में कोई माँग ले तो. तो वाऱ्याकडं बघत म्हणाला, "यहाँ माँगने वाले आप ही हो." मग झाकणात ओतून एकेक घोट असा पाजला, जसं आजारी वासराला पाजावं. मी सगळं प्यालो. तळाचंही.

दहा-पंधरा मिनिटांनी ठिपके गेले. पुढारीण घड्याळ बघून म्हणाली, "काका, तुम्हीच ठरवा. खिंड पाऊण तासावर आहे. पण वर धार अरुंद आहे, एकामागं एक जायचं, दोन्ही हातांत काठ्या, कुणी कुणाला धरणार नाही. नाहीतर हे तुम्हाला खाली नेतील." धुकं जरा फाटलं होतं. खिंड दिसत होती, दोन काळ्या खडकांमधली पांढरी जागा. वाटाड्यानं मला उठवायला हात पुढं केला. तो धरून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खाली."

मुलाला फोनवर सांगितलं, पाय चालेनात म्हणून परतलो. "मी म्हणलो होतो ना, बाबा," तो म्हणाला. पारावरच्या मंडळींनाही तेच सांगितलंय. हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. पाय चालत होते, आबा. पाणी पोटात गेल्यावर चांगले चालत होते. कविताही पाठ होती. पण वर गेलो असतो तर वाटाड्यानं हात सोडला असता. तुमची सून गेल्यापासून माझा हात असा कुणी धरलेला नव्हता. डॉक्टर धरतो, पण तो नाडी बघायला. उतरताना तीन तास त्यानं तो धरला. खाली तंबू दिसायला लागले, वाट सपाट झाली, तशी त्याची बोटं सैल पडली. तेव्हा मी मुद्दाम पाय घसरू दिला.