इफ, विल आणि ह्यांची खुर्ची

२७ जुलै १९९८
इंग्रजीत सत्तावीस. बाकी सगळे विषय सुटले, तेही या वयात! तपासणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसणार. ऑक्टोबरला परत बसायचं. दहावी झाले की शाळेत शिपायाची क्लार्क. हेडसरांनी ह्यांची जागा डिसेंबरपर्यंत माझ्यासाठी धरली आहे. हे जाऊन दोन वर्षं झाली. त्या खुर्चीवर सध्या टेंपररी कृष्णात बसतो. पाय हलवत. उद्यापासून पहाटे चारला अभ्यास.

२८ जुलै, सकाळी ७
गजर वाजलाच नाही. दीपा म्हणते वाजला, मीच बंद केला. पोरगी खोटं बोलायला लागली.

२ सप्टेंबर
दीपाने इफची वाक्यं शिकवली. पाणी तापवलं की उकळतं, हे नेहमीच खरं. ते झीरो कंडिशनल. पुढे होईल न होईल त्याला विल लागतं, ते फर्स्ट. एवढंच? लगेच सांगितलं : इफ द सन सेट्स, वुई डू नॉट ईट. जैनाच्या घरात याहून पक्कं काय? बरोबर म्हणाली. मग मी : इफ आय सिट फॉर द एक्झाम, आय पास. तर म्हणे, "आई, हितं विल पायजे. तू पास होशीलच असं न्हाय की!" भांडता भांडता दिवस मावळला. दोघी उपाशी झोपलो. चूक तिची.

१९ सप्टेंबर
तिची चूक दाखवायला कृष्णातला विचारलं. म्हणाला, "व्हय आक्का, विलच. पोरगी बरोबर हाय." वर रोज मधल्या सुट्टीत शिकवतो म्हणाला. ज्याला जागा हवी तो खरं कशाला शिकवेल? नको म्हटलं.

७ ऑक्टोबर
पेपर सोपा. इफची पाच वाक्यं, दहा मार्क. एकातही विल घातलं नाही. वेळ उरला म्हणून तपासणाऱ्याला समासात मराठीतून समजावलंही. घरी येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं, खुर्ची आपलीच. जिवंतपणीही वादात हे असेच गप्प बसत. तेव्हा राग यायचा. आता जास्त येतो.

३० नोव्हेंबर
एकतीस. पस्तीस लागतात. बोर्डाला कडक पत्र लिहिणार.

१ जानेवारी १९९९
पत्र राहिलं. कृष्णात कायम झाला. सकाळी खुर्ची पुसली. तो दारातच उभा. म्हणाला, "आक्का, तुमी सांगितल्याबिगर मी बसत न्हाय." डोकं असं तापलं! बैस मेल्या, असं तोंडावर आलं होतं. पण क्लार्कला शिपायाने तसं म्हणायचं नसतं.
बसा म्हणाले.