वाढदिवसांची काटकसर

नाल्डवाइक, मंगळवार

तीर्थरूप गेसेआत्यास,

वीबेचा वाकून नमस्कार. कमरेचं ऑपरेशन होऊन महिना नाही झाला तोच तू सायकलवर बसलीस म्हणे! धन्य आहेस. (डॉक्टरला सांगितलंस का? नसशीलच.)

आता इकडची फजिती ऐक आणि पोट धरून हस. काचघरांच्या खिडक्या बनवणाऱ्या आमच्या कंपनीत मी 'ज्ञान-देवाणघेवाण प्रमुख' झालो, हे तू साऱ्या गल्लीला सांगून मोकळी झालीस. त्यातली अट मात्र मी लपवली होती: उन्हाळ्यापर्यंत सगळ्या विभागांतून मिळून एक तरी नवी कल्पना निघाली नाही, तर माझी नोकरी जाणार. मालकीण रूलॉफ्सबाईंना गोड बोलायची सवय नाही.

लागलो कामाला. पाहतो तर आठवडा जात नाही तोच कुणाचा तरी वाढदिवस! ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा, मग आराखडेवाले, खरेदीवाले, जोडणीवाले सगळे गोल खुर्च्या मांडून बसणार, उत्सवमूर्तीचंच काय, शेजारच्याचंही अभिनंदन करणार आणि तासभर बडबडणार. केवढा वेळ वाया! मी फर्मान काढलं: वाढदिवस महिन्यातून एकदाच, सगळ्यांचे मिळून, उभ्याउभ्या. आणि प्रत्येक विभागाने आपलं ज्ञान माझ्याकडे पाठवायचं, मी ते वाटणार. (मी! ज्याला स्वतःच्या घराच्या चाव्या सापडत नाहीत!)

आत्या, कुणी काही पाठवलं तर शपथ. नवी खिडकी वाऱ्यात आपटून फुटली. स्प्रिंग कमजोर आहे हे जोडणीवाल्यांना ठाऊक, दणकट स्प्रिंग मिळते हे खरेदीवाल्यांना ठाऊक, आणि आराखडेवाल्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मी ओरडलो, "अरे, मला का नाही कळवलंत?" तर जोडणीतली फेम्के म्हणते, "मुद्दाम कळवायला सुचतंय कुणाला? केक खाताना आपोआप निघतं तोंडातून. तू केकच बंद केलास की, शहाण्या!" माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

निमूटपणे खुर्च्या पुन्हा गोल मांडल्या. आणि काल पहिल्याच वाढदिवसाला तिन्ही विभागांनी मिळून एक झकास कल्पना काढली! रूलॉफ्सबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तुझा,
वीबे

ता. क. शुक्रवारसाठी तुझे ते सफरचंदाचे केक करून देशील का? चाळीस माणसं आहेत.

आणखी ता. क. कल्पना सांगायची राहिलीच. सगळे गोल बसून आपसातच बोलतात, तर मग ज्ञान-देवाणघेवाण प्रमुख हवाय कशाला? एकमताने मंजूर झाली. मीही हात वर केला. खरं सांगू? पटलंच मला, वाईटही वाटलं. शुक्रवार माझा शेवटचा दिवस. निरोपाचा केक इथे जाणाऱ्यानेच आणायचा असतो. तो तेवढा चांगला होऊ दे.